बॉस्टन व्हेलर १३: वजन, फोम आणि उथळ पाणी (प्रकल्प नोंदी)

६ एप्रिल
१९६९ ची १३ फुटी बॉस्टन व्हेलर, म्हणजे फोमभरल्या कवचाची अमेरिकन मोटारबोट, दुरुस्तीसाठी शेडमध्ये घेतली. लांबी १३ फूट ४ इंच, रुंदी ५ फूट ५ इंच. आतून फिकट निळी, म्हणजे मूळ रंगातलीच. ‘डेझर्ट टॅन’ नावाच्या पिवळट छटेच्या बोटी नंतरच्या. बारा अक्षरांचा ओळख क्रमांक नाही, कारण अमेरिकेत तो १ नोव्हेंबर १९७२ पासून सक्तीचा झाला. त्यानंतरच्या व्हेलरवर क्रमांकाची सुरुवात बीडब्ल्यूसी अशी असते, आधीच्यांवर नुसता अनुक्रमांक.

बोट चालवायची आहे मॅसॅच्युसेट्समधल्या डक्सबरी उपसागरात. भरती-ओहोटीतला फरक सुमारे ३ मीटर, आणि ओहोटीला उपसागराचा मोठा भाग कोरडा पडतो: वाळूचे दांडे, चिखल, कालवांच्या शेतीचे पिंजरे, मधून वळत गेलेले अरुंद प्रवाह. इथं कमी पाण्यात तरंगणारी बोटच कामाची. ज्या रॉकलंड गावात फिशर-पिअर्स कंपनी या बोटी बनवायची ते इथून अर्ध्या तासावर आहे, तेव्हा बोट आपल्याच पाण्यात परत जाणार आहे.

७ एप्रिल
इंजिन, बाकं, कन्सोल, दोरखंड सगळं उतरवलं आणि नुसतं कवच दोन पट्ट्यांवर उचलून काट्याला लावलं: १७६ किलो. कॅटलॉगमध्ये १३ फुटीचं वजन ३२० पौंड, म्हणजे १४५ किलो. वरचे ३१ किलो कुठून आले हाच या प्रकल्पाचा पहिला प्रश्न. तळाला रंगाचे बरेच थर आहेत, पण रंग काही तीस किलोंचा होत नाही. कुठंतरी पाणी मुरलेलं आहे.

जुनी व्हेलर विकत घेणाऱ्याने आधी वजनच करावं. बाहेरून चकचकीत दिसणारी बोट आतून ओली असू शकते, आणि ते डोळ्यांना अजिबात कळत नाही. पुढची नाळ आणि पिछाडी अशी दोन टोकं वेगवेगळी तोलली की पाणी कुठल्या बाजूला आहे तेही कळतं. इथं वजन स्पष्टपणे मागं आहे.

१३ एप्रिल
सगळे स्क्रू काढले. कड्या, रेलिंग, वल्ह्यांचे आकडे, मासेमारीच्या काठ्यांचे धारक, डेप्थ फाइंडरचा सेन्सर, कधीकाळी काढून टाकलेल्या आणखी कशाची तरी भोकं. जुनी-नवी मिळून साठ-सत्तर. त्यातली निम्मी सिलिकॉनने ‘बंद’ केलेली. सिलिकॉन जेलकोटला (फायबरवरच्या रंगीत, गुळगुळीत थराला) धरत नाही, काही वर्षांत कडेने सुटतं, आणि नंतर त्यावर दुसरं काहीही चिकटत नाही. प्रत्येक भोकाभोवतीचं सिलिकॉन ब्लेडने खरवडून, मग पॉलिश पेपर मारून काढावं लागतं. सॉल्व्हंटने पुसलं तर ते फक्त पसरतं.

इथं या बोटीची रचना समजून घ्यायला हवी. कोकणात दिसणाऱ्या फायबरच्या होड्या बहुधा एका थराच्या असतात. आत वाकं, फळ्या दिसतात. व्हेलरला फायबरची दोन कवचं आहेत, बाहेरचं आणि आतलं. दोन्ही साच्यांत असतानाच एकमेकांवर बसवून मधल्या पोकळीत पॉलियुरेथेन फोम ओतला जायचा. फोम फुगून दोन्ही कवचांना घट्ट चिकटला की सगळं मिळून एकच जाड, हलकं, ताठ अंग. कवच स्वतः जेमतेम ३-४ मिमी. स्क्रू धरायला जिथं लाकूड हवं तिथं प्लायवूडचे तुकडे कारखान्यातच फोममध्ये पुरलेले असतात, आणि ते कुठं आहेत याचे नकाशे कंपनीने काढलेले आहेत. हा नकाशा हातात नसताना ड्रिल उचलू नये. लाकूड नसलेल्या जागी मारलेला स्क्रू पातळ कवचातून आज ना उद्या उपटतो आणि मागं फोमपर्यंत जाणारी वाट ठेवतो. आपल्या बोटीतली बरीचशी भोकं अशीच, लाकूड चुकवून मारलेली.

२० एप्रिल
मडकं वाजवून बघावं तसं सगळं कवच प्लास्टिकच्या हातोडीने वाजवून बघितलं. कोरड्या भागात आवाज टणक, आखूड. मागच्या संपच्या (पाणी साचायच्या खळग्याच्या) पुढं साधारण ६० बाय ४५ सेंमी जागेत आवाज बद्द. ट्रान्समवर, म्हणजे इंजिन जिथं बसतं त्या पिछाडीच्या उभ्या भिंतीवर, इंजिनाच्या बोल्टांभोवती आणि तिथून खाली तोच प्रकार. पेन्सिलीने हद्द आखली, मग ओलाव्याचा मीटर फिरवला. दोन्ही नकाशे जुळले.

मीटरच्या आकड्याला स्वतंत्र अर्थ नाही. फायबरवर तो टक्केवारी दाखवत नाही, एका जागेची दुसरीशी तुलना तेवढी करता येते. म्हणून आधी नाळेजवळच्या खात्रीच्या कोरड्या भागावर आकडा घ्यायचा आणि बाकीचं त्याच्याशी ताडून बघायचं. तळाच्या तांबेयुक्त रंगावर मीटर हमखास फसतो. तिथं रंग खरवडल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये.

२६ एप्रिल
शेडमध्ये ९ अंश. या तापमानाला इपॉक्सी (राळ आणि हार्डनर मिसळून केलेला गोंद) नीट पक्की होत नाही, तेव्हा आज हात राखून कागदांचं काम.

या बोटीचा वंश ‘स्लेड’चा, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीसारख्या बोटीचा. अल्बर्ट हिकमन या कॅनडात जन्मलेल्या बोटबांध्याने १९१४ च्या सुमारास ‘सी स्लेड’चं पेटंट घेतलं. नेहमीच्या बोटीचा तळ मधोमध खाली उतरतो. त्याचा मधे वर गेलेला, उलट्या व्हीसारखा. दोन बाजूंना दोन कणे, मधे बोगदा. पंखे पिछाडीला, अर्धे पाण्यात अर्धे बाहेर फिरणारे, म्हणून तळाखाली लोंबणारं जवळपास काही नाही. वेगवान, स्थिर आणि उथळ पाण्यात चालणारी बोट, पण कंपनी टिकली नाही.

पुढं १९५० च्या दशकात डिक फिशर यांच्या हाती फोम आला. हार्वर्डमधून तत्त्वज्ञान शिकलेले फिशर विद्युत नियंत्रणं बनवणारी कंपनी चालवत होते. बोटींसाठी बाल्सा हे अतिशय हलकं लाकूड वापरण्याची त्यांची जुनी कल्पना होती. बाल्साचं काम करणारा फोम मिळाल्यावर ते नौकारचनाकार रे हंट यांच्याकडे गेले. हंट यांनी सुचवलेला तळ हिकमनच्या वाटेवरचा होता. १९५६ च्या पहिल्या नमुन्यात दोन कण्यांच्या मधून येणारी हवा थेट पंख्यापर्यंत पोचायची, पंखा पाणी सोडून हवेत फिरायचा आणि इंजिन नुसतं ओरडायचं. उपाय म्हणून मधे तिसरा, बुटका कणा आला. तीन कण्यांचा हा तळ घेऊन १९५८ मध्ये १३ फुटी बाजारात आली.

१९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने छापलेली छायाचित्रं प्रसिद्धच आहेत: फिशर बोटीत बसलेले, बोट करवतीने मधोमध कापली जातेय, आणि मग मागच्या अर्ध्या भागात बसून इंजिन चालवत ते निघून जातात. जाहिरात म्हणून बिनतोड. पण त्यातून एक गैरसमजही पसरला, की फोमची बोट म्हणजे पाण्याची चिंता नाही. ती बुडत नाही हे खरं; ओली होत नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. नव्या फोमचे कप्पे बंद असतात, पाणी आत जात नाही. भोकातून आलेलं पाणी मात्र फोम आणि कवच यांच्या सांध्यात साचतं, हिवाळ्यात गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि लगतचे कप्पे फोडतं. पुढच्या वर्षी फुटलेल्या कप्प्यांत पाणी. अशी पन्नास वर्षं.

बॉस्टन व्हेलर कंपनी १९६९ मध्ये विकली गेली, १९८९ मध्ये चक्क रीबॉक या बूट बनवणाऱ्यांकडे गेली आणि १९९६ पासून ब्रन्सविककडे आहे. कारखाना आता फ्लोरिडात.

४ मे
तापमान १७ अंश. संपच्या पुढची जमीन उघडली. मल्टीटूलच्या पात्यावर ५ मिमीवर टेप लावून तेवढ्याच खोलीचा काप घेतला. खोल गेलं तर खालच्या कवचापर्यंत जाण्याची भीती नाही, पण चांगला फोम विनाकारण चिरतो. तुकडा पातळ पटाशीने अलगद सोडवला. तो टाकायचा नाही: त्यावरचा खरखरीत न घसरणारा पोत पुन्हा हाताने बनवणं फार कठीण.

खाली फोम तपकिरी, बोटाने दाबला की पाणी सुटतं. खरवडून काढत गेलो तेव्हा ओल ८ सेंमी खोल निघाली. त्याखाली आणि चारही बाजूंना फोम पिवळट, कोरडा, बोटाने न दबणारा. काढलेला ओला फोम तोलला: १२ किलो. तेवढ्याच जागेतला कोरडा फोम किलोभराच्या आसपास भरला असता.

खड्डा उघडा ठेवून बोट पिछाडीकडे कलती केली, शेडमध्ये डिह्युमिडिफायर लावला. बंद कवचातला ओला फोम भोकं पाडून आणि हवा खेळवून वाळतो अशी पुष्कळांची समजूत आहे. प्रत्यक्षात कडेची ओल हळूहळू सुटते, गाभा तसाच राहतो. म्हणून पूर्ण भिजलेला भाग कापून काढायचा आणि कडेचा दमट भाग तेवढा वाळवायचा.

१८ मे
ट्रान्सम. आतून उघडायचा की बाहेरून? आतल्या बाजूला स्प्लॅशवेलची (इंजिनापुढच्या, आत आलेलं पाणी अडवणाऱ्या कप्प्याची) वळणं आहेत, ती कापून पुन्हा जुळवणं म्हणजे दुप्पट काम. बाहेरची बाजू सपाट, पुट्टी मारून घासायला सोपी. बाहेरूनच उघडला, सगळीकडे कडेपासून ४ सेंमी आत काप घेऊन. ट्रान्समची जाडी ४४ मिमी: दोन्ही कवचं ४-४, मधे ३६ मिमी प्लायवूड.

प्लायचा वरचा मधला भाग काळा, पटाशी लावली की पानं सुटतात. इंजिनाच्या बोल्टांच्या आत कुठलाच लेप नव्हता. लाकडाचा आडवा छेद थेट खाऱ्या पाण्याला उघडा. कोपऱ्यांत मात्र प्लाय अजून इतकं पक्कं की ते काढायलाच जास्त वेळ गेला. ते तसंच ठेवायचा मोह होतो, पण नव्या-जुन्या प्लायचा सांधा नेमका इंजिनाच्या ताणाखाली येतो. सगळं काढलं. पुढच्या बाजूचा फोम वरच्या १५ सेंमीत दमट, बाकी कोरडा.

१ जून
नवीन प्लाय: १८ मिमीचे दोन थर, ओकूमे जातीचं बीएस १०८८ दर्जाचं मरीन प्लायवूड. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग खालचा थर कापून कोरडा बसवून बघितला. सगळीकडे ३ मिमी फट ठेवली. घट्ट बसवलेलं प्लाय गोंद पुसून काढतं आणि सांधा कोरडा राहतो.

क्रम असा: दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना पातळ इपॉक्सी, कडा पीत राहतात तोवर. ती चिकट असतानाच सिलिका आणि मायक्रोफायबर घालून घट्ट केलेली इपॉक्सी, पीनट बटरइतकी, दातेरी पट्टीने पसरवली. पहिला थर, मग तसाच दुसरा. इंजिनाच्या चार भोकांतून लांब बोल्ट घालून दोन्ही बाजूंना जाड फळ्या आणि त्यावर नट. फळ्यांखाली प्लास्टिकचा कागद, नाहीतर त्याही बोटीचा भाग होतात. नट हाताने आवळून वर पाव फेरा, बस. कडेने गोंदाची बारीक सरी सगळीकडून सारखी बाहेर आली की थांबायचं. जास्त आवळलं तर गोंद निघून जातो आणि दोन कोऱ्या लाकडांमधे काहीच उरत नाही.

शेडमध्ये २२ अंश, पॉटमधली इपॉक्सी साधारण २० मिनिटं कामाची राहिली. मोठ्या डब्यात ठेवलेली लवकर तापते. कालवल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओतावी.

८ जून
इपॉक्सीवर आलेला मेणचट थर आधी साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुतला. न धुता पॉलिश पेपर मारला तर तो थर आत घासला जातो. बाहेरचं जुनं कवच घट्ट इपॉक्सीत परत बसवलं. सांध्याच्या दोन्ही बाजूंना १२ ला १ उतार घासला: कवच ४ मिमी, म्हणून उतार जवळपास ५ सेंमी. त्यावर १७०८ बायअॅक्सियल कापडाच्या पट्ट्या, अरुंद आधी, रुंद वर. १७०८ म्हणजे चौरस वाराला १७ औंस तिरके धागे आणि चौरस फुटाला पाऊण औंसाची शिवलेली मॅट. ही शिवण महत्त्वाची. साध्या सुट्या मॅटमधला बांधणीचा गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत नाही, आणि मॅट नीट भिजत नाही.

इंजिनाच्या भोकांची मापं आउटबोर्डसाठी ठरलेली आहेत: वरच्या दोन भोकांतलं अंतर १२ ७/८ इंच, खालच्या दोनांतलं ९ ७/८ इंच. १९ मिमीची भोकं पाडली, मागून टेप लावून घट्ट इपॉक्सीने भरली. पक्की झाल्यावर त्याच्या मधोमध अर्ध्या इंचाचं ड्रिल. बोल्ट आता इपॉक्सीच्या नळीतून जातो, लाकडाला शिवतच नाही. आधीच्या साठ-सत्तर भोकांपैकी ज्यांची गरज नाही ती सगळी याच पद्धतीने बुजवली, तोंडं तिरपी करून.

१५ जून
तळाचा रंग. स्ट्रिपर लावून, वर प्लास्टिक अंथरून रात्रभर ठेवला, सकाळी कोपरे गोल केलेल्या पटाशीने खरवडला. सुका रंग मशीनने घासू नये, धूळ विषारी आहे. ओला खरवडावा आणि ताडपत्रीवर गोळा करावा. निघालेला गाळ वाळवून तोलला: ५ किलो. तीन कण्यांमधल्या दोन खाचा आता स्पष्ट दिसतात. त्यांत रंगाचे थर साचून कडा बोथट झाल्या होत्या, आणि पाणी ज्या कडेवरून तुटायला हवं ती कडा बोथट असली तर फवारा बोटीत येतो. या १३ फुटीला आधीच ‘ओली’ म्हणून नाव आहे.

बोट ट्रेलरवर राहणार, कायम पाण्यात नाही. तळाला पुन्हा अँटिफाउलिंग लावायचं कारण नाही.

६ जुलै
फोम. खड्ड्याच्या कडेचा मीटरचा आकडा आता नाळेजवळच्या कोरड्या भागापेक्षा किंचितच वर. कवच पुन्हा तोलून बघितलं तर कडेच्या वाळण्यातून सुमारे ४ किलो गेलेले.

दोन द्रव समान मापात मिसळायचा फोम, घनफुटाला ४ पौंड घनतेचा. नुसतं तरंगायला २ पौंडी पुरतो आणि स्वस्तही पडतो, पण या जागेवर माणसं उभी राहतात. जमीन दबायला लागली की कवच आणि फोम सुटायला लागतात. खड्डा ६० × ४५ × ८ सेंमी, म्हणजे सुमारे २१.६ लिटर. ४ पौंडी फोमने १.४ किलो लागतो. डब्याला चिकटून वाया जाणारा धरून १.७ किलो कालवला, तोही तीन हप्त्यांत. एकदम ओतला तर मधे उष्णता कोंडते, गाभा करपून भेगाळतो, आणि बंद जागेत असेल तर फुगण्याचा जोर कवचाला पोट आणतो.

दोन्ही डबे आदल्या रात्रीपासून २४ अंशांत ठेवले होते. थंड द्रव कमी फुगतो आणि घनता भलतीच येते. ड्रिलला लावलेल्या रवीने २० सेकंद, लगेच ओतायचं. त्यानंतर हलवत बसलं तर फुगायला लागलेले बुडबुडे फुटतात. श्वासासाठी योग्य मास्क, हातमोजे, शेडची दोन्ही दारं उघडी.

वर आलेला फोम करवतीने कवचाच्या पातळीला कापला, त्याला इपॉक्सीचा हात दिला, मूळ तुकडा घट्ट इपॉक्सीत बसवून वर वाळूच्या पिशव्या. सांध्याला १७०८ ची एकच पट्टी.

१३ जुलै
पितळी नळ्या. संप आणि स्प्लॅशवेल यांतून पाणी बाहेर जायला कवचाच्या आरपार १ इंची पितळी नळ्या असतात, दोन्ही टोकं बाहेर वळवलेली, वळणाखाली रबरी ओ-रिंग. बोटीच्या वजनाचं खरं गुपित बहुतेक वेळा इथंच सापडतं. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं, उरलेलं तांबं सच्छिद्र गुलाबी होतं, आणि नळीला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. वरून नळी धडधाकट दिसते, पाणी मात्र थेट फोममध्ये. संपची नळी काढली तेव्हा चिमटीत चुरली. मागचे १२ किलो बहुतांशी इथूनच आलेले असणार.

नवी नळी बसवण्याआधी भोकाच्या आतल्या उघड्या फोमला इपॉक्सीचे दोन हात दिले, म्हणजे पुढं कधी नळी गेली तरी फोम झाकलेला राहील. नळीची लांबी: भोकाची खोली अधिक दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मिमी. कमी ठेवली तर वळण ओ-रिंगवर बसत नाही. जास्त ठेवली तर वळवताना पितळ फाटतं. टोकं आधी गॅसवर मंद लाल करून थंड केली, पितळ मऊ पडतं. ओ-रिंगखाली मरीन पॉलियुरेथेन सीलंटची बारीक सरी, मग फ्लेअरिंग टूल हळूहळू आवळत दोन्ही बाजू वळवल्या. हे काम घाईचं नाही.

२० जुलै
जेलकोट. कोपऱ्यांतल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा नुसत्या वरून भरल्या तर पुढच्या उन्हाळ्यात परत दिसतात. छोट्या ग्राइंडरने व्हीसारख्या खाचा पाडून भरल्या. हार्डनर वजनाने २ टक्के, ५०० ग्रॅमला १० ग्रॅम. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय ती बाटली उघडायची नाही. डोळ्यात गेलेला एक थेंब कायमचं नुकसान करतो. जेलकोट हवेत वरून पक्का होत नाही, म्हणून शेवटच्या हातात मेणाचं मिश्रण. जिथं खाली इपॉक्सी आहे तिथं जेलकोट धरेल याचा भरवसा नसतो. ट्रान्समवर म्हणून इपॉक्सी प्रायमर आणि दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग.

३ ऑगस्ट
महोगनीची बाकं आणि कन्सोल: जुनं वार्निश गरम हवेने काढलं, १२० पासून २२० पर्यंत पॉलिश पेपर, पहिला हात निम्मा थिनर घालून, त्यावर सात हात, मधे ३२० चा पेपर. लाकूड नकाशानुसार जिथं पुरलेलं आहे तिथंच स्क्रू, भोकाचं तोंड तिरपं करून, खाली ब्यूटिलची टेप. कवच आता १५२ किलो.

१० ऑगस्ट
वजनाचा हिशोब, कारण इंजिन कोणतं हे त्यावर ठरणार.

पाण्याला टेकलेला तळ ढोबळ ३.६ मीटर लांब, १.४ मीटर रुंद. कोपरे वजा करता ४.८ चौरस मीटर. खाऱ्या पाण्यात बोट सरळ १ सेंमी खाली जायला सुमारे ५० किलो लागतात. म्हणजे आपण काढलेले २४ किलो बोटभर सारखे पसरलेले असते तर अर्ध्या सेंमीचाच फरक. पण ते मागं होते. मध्यापासून १.६ मीटर मागं ठेवलेले २४ किलो नाळ वर आणि पिछाडी खाली करतात. या मापाच्या तळाला किलोतलं वजन गुणिले मीटरमधलं अंतर सुमारे १५ झालं की १ सेंमी कल (दोन टोकांतला फरक) येतो. हिशोब केला तर पिछाडी जवळपास २ सेंमी खाली गेलेली निघते. उथळ पाण्यात टेकते ती पिछाडीच.

याच न्यायाने ७० किलोचं इंजिन पिछाडी ६ सेंमी बुडवतं, ६० किलोचं ५. बोटीची मर्यादा ४० अश्वशक्तीची आहे, म्हणून अनेक जण ४० चंच लावतात; आजची फोर-स्ट्रोक ४० ची इंजिनं ९० किलोंच्या घरात जातात. मग उभ्या बोटीतही स्प्लॅशवेलमध्ये पाणी चढतं. २५ अश्वशक्तीचं, आखूड १५ इंची शाफ्टचं, सुमारे ६० किलोचं घेतलं. मूळ ट्रान्सम १५ इंचीच आहे; २० इंची शाफ्ट लावून वर ठोकळा चढवणं म्हणजे उथळ पाण्याच्या बोटीत मुद्दाम खोली विकत घेणं.

बॅटरी आणि ६ गॅलनची पेट्रोलची टाकी मिळून ४० किलो. दोन्ही पिछाडीला ठेवायची पद्धत आहे, सोय म्हणून. ती दीड मीटर पुढं नेली: बॅटरी कन्सोलखाली, टाकी पुढच्या बाकाखाली. पिछाडी २ सेंमी वर. त्यासाठी ३५ चौरस मिमीची टिनच्या मुलाम्याची तांब्याची केबल, बॅटरीजवळच फ्यूज, आणि पेट्रोलच्या नळीचा बल्ब इंजिनापाशी, बाण वर ठेवून. पैशांत बघितलं तर सगळ्या प्रकल्पातली सर्वांत स्वस्त सुधारणा हीच.

जॅक प्लेट सुचवली गेली होती. ती इंजिन वर घेते खरं, पण मागंही १० सेंमी नेते आणि स्वतःचं वजन आणते. या लांबीच्या बोटीला नको.

२४ ऑगस्ट
पाण्यात. दोन माणसं मधल्या बाकावर, टाकी भरलेली: बोट पिछाडीला १७ सेंमी बुडते, नाळेला १२. संप तासाभराने कोरडा.

इंजिनाची अँटिव्हेंटिलेशन प्लेट (पंख्याच्या वरची, हवा रोखणारी आडवी पट्टी) तळाच्या पातळीला असताना फवारा जास्त आणि वेग कमी. एक भोक वर घेतलं, म्हणजे १९ मिमी. ताशी ४० किमी, मिनिटाला ५५०० फेरे. तीव्र वळणावर पंखा किंचित हवा पकडतो, पण इंजिन सरळ केलं की लगेच सुटते. आणखी एक भोक वर घेतल्यावर प्रत्येक वळणावर हवा. परत खाली आणलं.

७ सप्टेंबर
भांगाच्या दिवसांत आणि उधाणाच्या ओहोटीला अशी दोन्ही पाण्यांत दांड्यांवर चाचणी. बोट वीतभर पाण्यात तरंगते, पण इंजिन खाली असताना तिला हातभर पाणी लागतं. तळाखाली पंखा आणि स्केग (पंख्याखालचं पातं) मिळून सुमारे ३१ सेंमी. ‘शॅलो ड्राइव्ह’च्या खाचेत इंजिन तिरकं केलं तर यातले १५-१६ सेंमी वाचतात, मात्र फेरे १५०० च्या वर न्यायचे नाहीत आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचा झोत सतत दिसला पाहिजे. पाणी ओढणारी जाळी प्लेटच्या जरा खाली आहे. ती हवेत आली की इंपेलर (पाणी खेचणारं रबरी चक्र) मिनिटभरात जळतो. चिखल ढवळला तर तो झिजतो, म्हणून इथल्या वापरात दरवर्षी बदलायचा.

वेगात असलेली बोट कमी पाण्यावरून निघून जाते, थांबून पुन्हा निघायची वेळ आली की फसते. निघताना पिछाडी बसते. त्या क्षणी हिला ६० सेंमी तरी पाणी लागतं. दोन्ही माणसांनी पुढच्या बाकावर सरकून बसलं तर ५० मध्ये निघते. ईलग्रासच्या पट्ट्यांवर इंजिन वर उचलून वल्हं किंवा बांबू. पंख्याने उपटलेलं गवत परत यायला वर्षं लागतात, आणि जाळीत अडकतं ते वेगळंच.

कालवांच्या पिंजऱ्यांमधून जाताना तीन कण्यांचा फायदा कळतो. बाजूच्या कडेवर माणूस उभा राहिला तरी बोट चार बोटं झुकते आणि तिथंच थांबते, त्यामुळे पिंजरा उचलायला दोघांची गरज लागत नाही.

५ ऑक्टोबर
शेडमध्ये परत, कवच काट्याला: १५२ किलो, ऑगस्टचाच आकडा. हिवाळ्यासाठी नळ्यांचे बूच काढून नाळ उंच ठेवली, इंजिन उभं करून त्यातलं पाणी काढलं, बॅटरी घरात. स्प्लॅशवेलच्या डाव्या नळीची ओ-रिंग एका बाजूला दबलेली दिसते. वसंतात ती नळी काढून साडेतीनऐवजी चार मिमी ठेवून पुन्हा वळवायची. पंखा १२ ऐवजी ११ पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितके इंच पुढं सरकेल ते माप) लावून दोन माणसांनिशी निघायला किती पाणी लागतं ते मोजायचं बाकी.